हवामानबदलाला सर्व्हे नंबर हवा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही डिचोली तालुक्यातल्या एका गावात विज्ञान शिकवता. गावच्या वाचनालयाच्या वर्धापनदिनाला तुम्हाला हवामानबदलावर अर्धा तास बोलायचं आहे. गेल्या खेपेस तुम्ही आलेख दाखवलेत, लोकांनी शांतपणे ऐकलं, टाळ्याही वाजवल्या. मग एक आजोबा म्हणाले, "आदीं लेगीत हुंवार येतालो मगे," म्हणजे पूर्वीही पूर यायचेच ना, आणि १९८२ च्या पुराची आठवण काढली. एका तरुणाने हे सगळं सरकारविरोधी बोलणं असल्याचं सांगितलं. त्यानंतर विषय जो संपला तो संपलाच. या वेळी आलेख आणखी सोपे करावेत की सरळ नाटक बसवावं, असं तुम्ही विचारलं आहे.

मी गोव्यातल्या गावांत याच विषयावर बोलत आणि शिक्षकांची शिबिरं घेत आलो आहे. उत्तराचा बराचसा भाग तुमच्या सभागृहात कोण बसणार आहे यावर अवलंबून आहे, आणि ते तुम्हालाच ठाऊक. पण प्रश्नाच्या मुळाशी जे गृहीत धरलेलं आहे, तिथून सुरुवात करतो.

तुम्हाला वाटतंय की लोकांना पटत नाही. मला तसं वाटत नाही. येल विद्यापीठाच्या हवामान-संवाद विभागाने सी-व्होटर या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेबरोबर २०२१-२२ च्या हिवाळ्यात देशभर पाहणी केली होती. निम्म्याहून जास्त, म्हणजे ५४ टक्के लोकांनी सांगितलं की जागतिक तापमानवाढीबद्दल आम्हाला अगदी थोडं माहीत आहे किंवा आम्ही ते नावही ऐकलेलं नाही. मग त्यांना दोन-तीन वाक्यांत ती काय आहे हे सांगितलं गेलं. तेवढ्यावर ८४ टक्के लोक म्हणाले, होय, हे घडतं आहे. इतक्या थोड्या बोलण्यावर इतके लोक मान डोलावतात, कारण त्यांनी पाऊस, उकाडा आणि विहिरीचं पाणी स्वतः पाहिलेलं असतं. शब्द नवा असतो, अनुभव जुनाच असतो. तुमच्या आलेखांना टाळ्या पडल्या त्या खऱ्या होत्या.

दुसरी एक पाहणी २०२४ साली प्रसिद्ध झाली. १२५ देशांतल्या सुमारे एक लाख तीस हजार लोकांना विचारलं होतं की हवामानासाठी दरमहा उत्पन्नाचा एक टक्का द्यायला तयार आहात का. ६९ टक्के 'हो' म्हणाले. पण तुमच्या देशातले किती लोक 'हो' म्हणतील, असं विचारल्यावर सरासरी अंदाज आला ४३ टक्के. प्रत्येकाला वाटतं, मला काळजी आहे पण शेजाऱ्याला नाही. म्हणून कोणी विषयच काढत नाही, आणि कोणी काढत नाही म्हणून तो समज आणखी घट्ट होतो. तुमच्या गावातली शांतता मला या जातीची वाटते. अशा शांततेवर सोप्या आलेखाचा उपाय चालत नाही. तिथे शेजाऱ्यांनी एकमेकांचं बोलणं ऐकावं लागतं.

आता गोव्यापुरतं. पर्यावरणाच्या प्रश्नावर गोव्याचे लोक थंड आहेत, असं कोणी म्हणू शकणार नाही. जमीनवापर ठरवणाऱ्या प्रादेशिक आराखडा २०११ विरुद्ध लोक उठले आणि २००७ च्या सुरुवातीला सरकारला तो मागे घ्यावा लागला. मोलेमच्या जंगलातून जाणारे तीन प्रकल्प, म्हणजे रेल्वेचं दुपदरीकरण, महामार्गाचं चौपदरीकरण आणि उच्चदाबाची वीजवाहिनी, यांच्या विरोधात २०२० मध्ये चांदरला लोक रात्रभर रुळांजवळ बसले. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी रद्द केली. या लढ्यांमध्ये लोकांच्या हातात नकाशा होता, जमिनीचा एक-चौदाचा उतारा होता, कुठल्या डोंगराचा रंग कुठल्या पानावर बदलला हे बोट ठेवून दाखवता येत होतं.

हवामानबदलाला सर्व्हे नंबर नाही. हवाईतल्या मौना लोआ वेधशाळेत १९५८ साली कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात झाली तेव्हा तो हवेत दशलक्षात सुमारे ३१५ भाग होता, आज ४२० च्या वर आहे. हे पूर्ण खरं आहे, आणि माझ्या मते या शतकातला हा सर्वांत महत्त्वाचा आकडा आहे. पण तो ऐकून डिचोलीतला माणूस उद्या सकाळी उठून कुठे जाणार? कोणाकडे अर्ज करणार? लोकांना विषय पटतो, पण पटलेलं ठेवायला जागा मिळत नाही. ती जागा दाखवणं हे वक्त्याचं काम आहे. माझं सगळं उत्तर या एका मुद्द्याभोवती आहे.

एक उदाहरण जवळून दाखवतो. तिसवाडीतल्या बेटांवर बोलायचं असतं तेव्हा मी शक्यतो सभागृह टाळतो आणि लोकांना खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीच्या बांधावर, पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या मानशीपाशी नेतो, तेही भरती चढत असताना. मानशीची लाकडी दारं कोणी हाताने लावत नाही. नदीचं पाणी वर चढलं की त्याच्याच दाबाने ती मिटतात, ओहोटीला आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. हे यंत्र शेकडो वर्षांचं आहे आणि त्याचं सगळं गणित एका गोष्टीवर उभं आहे: भरतीचं पाणी कुठपर्यंत येतं. मानस सांभाळणाऱ्या माणसाला मी एवढंच विचारतो की उधाणाला पाणी कुठे लागतं, आणि तुमच्या वडिलांच्या वेळी कुठे लागायचं. तो जांभ्या दगडाच्या खांबावर हात ठेवून दोन जागा दाखवतो. मग बाकीचे बोलू लागतात. कोणी म्हणतो दारं कुजली आहेत, कोणी म्हणतो बार्जांच्या लाटांनी बांध पोखरला, कोणी खेकड्यांची बिळं दाखवतो, कोणी सांगतो की पूर्वी गावकारी (गावची सामूहिक संस्था) आणि बोवस (शेतकऱ्यांचे संघ) बांध राखत, कूळकायदा आल्यावर तो कोणाचाच राहिला नाही. हे सगळं बरोबर असतं. त्यानंतर मी माझी भर घालतो. केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार उत्तर हिंदी महासागराची पातळी १९९३ ते २०१५ या काळात वर्षाला सुमारे ३.३ मिलिमीटरने वाढत होती, म्हणजे त्या एवढ्या वर्षांत साधारण सात सेंटिमीटर. सभागृहात सात सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही. बांधावर उभं राहिलं की सगळे माथ्याकडे बघतात आणि मनात मोजतात.

इथे प्रामाणिक राहणं फार महत्त्वाचं आहे. बांध फुटला तो समुद्र वाढला म्हणूनच फुटला, असं मी कधीच म्हणत नाही. खांबावरच्या दोन खुणांमधलं सगळं अंतर समुद्राच्या वाढीचं आहे, असंही म्हणत नाही. नदीत गाळ साचला, पात्र अरुंद झालं तरी पाणी चढतं. दुर्लक्ष हे मोठं कारण, आणि वाढती पातळी त्या दुर्लक्षाची किंमत दरवर्षी थोडी वाढवते. असं सांगितलं की लोकांचा तुमच्यावरचा विश्वास वाढतो, कारण त्यांना स्थानिक कारणं तुमच्यापेक्षा चांगली माहीत असतात. ती नाकारून आभाळाकडे बोट दाखवणारा वक्ता त्यांना एक तर अडाणी वाटतो किंवा कोणाला तरी वाचवणारा.

याच धाग्याने आजोबांच्या वाक्याकडे येतो. "पूर्वीही पूर यायचे" हा विरोध नाही. ती साक्ष आहे आणि ती खरी आहे. २३ जुलै २०२१ ला सत्तरी-डिचोलीत जे पाणी चढलं, त्याचं वर्णन १९८२ नंतरचा सर्वांत मोठा पूर असंच झालं होतं. म्हणजे १९८२ चा पूर आठवणारा माणूस तुमच्या सभागृहातला सर्वांत मोलाचा माणूस आहे. त्यांना आधी भेटा आणि कार्यक्रमात पहिलं बोलायला सांगा. त्या वर्षी पाणी कुठल्या घराच्या पायरीपर्यंत आलं, किती वेळ राहिलं, कोणाची गुरं गेली. मग २०२१ चं बोलू द्या. तुमचं काम त्यानंतर सुरू होतं आणि ते थोडंच आहे: हवा एक अंशाने तापली की ती साधारण सात टक्के जास्त बाष्प धरते, त्यामुळे पाऊस पडायचा तेव्हा जास्त जोराने पडू शकतो. त्याच सरकारी अहवालात म्हटलं आहे की मध्य भारतात दिवसाला १५० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडण्याच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या. हा आकडा मध्य भारताचा आहे, गोव्याचा नाही, हे स्पष्ट सांगा.

कोणी विचारलं की मग एकवीसचा पूर हवामानबदलामुळेच आला का, तर मी तंबाखूचं उदाहरण देतो. एखाद्याला झालेला कर्करोग तंबाखूमुळेच झाला, असं डॉक्टर शपथेवर सांगणार नाही, पण तंबाखूने धोका किती वाढतो हे तो ठामपणे सांगतो आणि आपण ते ऐकतो. पुराच्या बाबतीत तर आणखी कारणं आहेत: नदीत साचलेला गाळ, भराव घातलेली शेतं, अरुंद झालेले व्हाळ, म्हणजे ओढे. ती सगळी फळ्यावर लिहा. हवामानबदल त्या यादीत एका ओळीवर येऊ दे, पण ती ओळ खोडू देऊ नका.

आता "सरकारविरोधी" या शेऱ्याबद्दल. तुमच्या तालुक्यात याला खास वजन आहे आणि ते समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. डिचोली हा खाणपट्टा. २०१२ साली खाणी थांबल्या, पुढे सुरू झाल्या आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा थांबल्या. ज्याने कर्ज काढून ट्रक घेतला होता, ज्याचं गॅरेज किंवा खानावळ त्या ट्रकांवर चालत होती, त्याच्या लेखी 'पर्यावरण' म्हणजे ज्या नावाखाली घरातली मिळकत बंद झाली ती गोष्ट. तुम्ही 'पर्यावरण' म्हणता तेव्हा त्याला तो बँकेचा हप्ता आठवतो. त्याच्या शेजारी असा माणूस बसलेला असतो ज्याची विहीर खाणीमुळे आटली. दोघांचंही दुःख खरं आहे, आणि अर्ध्या तासात तुम्ही ते सोडवू शकणार नाही. म्हणून अशा गावात मी सुरुवात खाणीपासून करत नाही आणि कोळशापासूनही करत नाही. प्रश्न विचारला तर मत लपवत नाही. सुरुवात पाणी, काजू आणि उन्हापासून करतो. काजूच्या मोहरावर जानेवारी-फेब्रुवारीत पाऊस पडला तर काय होतं, हे ट्रकवाल्यालाही ठाऊक असतं, कारण त्याच्याही घरची बागायत असते.

त्या तरुणाला उत्तर द्यायचं तर सरकारचाच कागद हातात ठेवा. देशाचा राष्ट्रीय हवामान कृती आराखडा २००८ चा आहे. २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं उद्दिष्ट पंतप्रधानांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत जाहीर केलं. गोवा सरकारचा स्वतःचा हवामानबदल कृती आराखडा आहे. तुम्ही म्हणू शकता, "सरकारने जे लिहून दिलं आहे, ते आपल्या गावात कुठे दिसतं एवढंच मी विचारते." यात विरोधही नाही आणि खुशामतही नाही.

अमेरिकेत हा विषय पक्षांमध्ये वाटला गेला आहे. तुम्ही कोणाला मत देता यावरून तुम्ही तापमानवाढ मानता की नाही हे तिथे बरंचसं सांगता येतं. आपल्याकडे अजून तसं झालेलं नाही, आणि होऊ न देणं आपल्या हातात आहे. गोव्याच्या इतिहासात याला चांगला आधार सापडतो. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात, तोवर सत्ता सांभाळलेला मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) पक्ष गोवा महाराष्ट्रात विलीन करण्याच्या बाजूचा होता. कौल ३४,०२१ मतांच्या फरकाने विलीनीकरणाच्या विरोधात गेला. आणि तीन महिन्यांच्या आत झालेल्या निवडणुकीत त्याच लोकांनी मगो पक्षालाच पुन्हा निवडून दिलं. तुमच्या-माझ्या घरची मंडळी तेव्हा कुठल्या बाजूला होती हा वेगळा विषय. पक्षावरची निष्ठा आणि भूमीबद्दलचं मत गोव्याच्या मतदाराने वेगवेगळं ठेवलेलं आहे, एवढं त्यातून घेण्यासारखं आहे. मी हे सभेत सांगतो तेव्हा ज्येष्ठ मंडळी सरसावून बसतात. मात्र निवडणुकीच्या तोंडावर असाल, किंवा व्यासपीठावर कुठल्या एका पक्षाचा उमेदवार बसणार असेल, तर विषय काढूच नका. तारीख पुढे ढकला.

नाटकाचं सविस्तर बोलतो, कारण तुमचा ओढा तिकडे दिसतो आणि गोव्यात तो अगदी योग्य आहे. मनोरंजनाने मत बदलतं का, यावर एक चांगला अभ्यास आहे. २००४ साली हॉलिवूडमध्ये एकाएकी हिमयुग अवतरल्याचा एक मोठा चित्रपट आला. त्याचं विज्ञान बरंच ताणलेलं होतं. हवामान-संवादाचे संशोधक अँथनी लायझरोविट्झ यांनी तो पाहिलेल्या आणि न पाहिलेल्या लोकांची तुलना केली. पाहिलेल्यांमध्ये काळजी स्पष्ट जास्त दिसली. पण तो पाहणारे अमेरिकी प्रौढांच्या साधारण दहा टक्के होते, त्यामुळे एकूण जनमत फारसं हललं नाही. आपल्या जत्रेतल्या नाटकाचं गणित नेमकं उलटं आहे. अख्खा गाव बघतो, आणि रंगमंचावर पुतण्या, मास्तर आणि पोस्टमन असतो. दुसऱ्या दिवशी दुकानात त्याच्यावर चर्चा होते. आधी ज्या शांततेबद्दल म्हटलं, ती मोडायला याहून चांगलं साधन मला माहीत नाही.

पण नाटक कसं, हे महत्त्वाचं. झाडाचे कपडे घातलेलं मूल रडतंय, प्रदूषणाचा राक्षस हसतोय आणि शेवटी सगळे मिळून शपथ घेतात, हे शाळांनी इतकं केलं आहे की पडदा उघडताच प्रेक्षकाला शेवट कळतो. नरकासुराच्या पुतळ्यावर कोळसा किंवा कारखाना रंगवणंही मी टाळायला सांगतो. पुतळा जळतो आणि पाहणाऱ्याला वाटतं प्रश्न मिटला. त्यापेक्षा एक घर घ्या. डोंगरावर काजूची बागायत आहे. तीन वर्षं मोहर हातात आला नाही. दिल्लीहून आलेला गिऱ्हाईक चांगली रक्कम देतोय. मुलगा म्हणतो विकूया, आई म्हणते खालची झर आटेल. दोघांनाही तितकीच चांगली वाक्यं द्या आणि निर्णय न दाखवता पडदा पाडा. 'हवामानबदल' हा शब्द आला नाही तरी चालेल. गावात दशावतारी होत असेल तर संकासुराच्या तोंडी दोन-चार चुरचुरीत प्रश्न घाला. गावच्या कारभारावर बोलण्याचा त्याचा हक्क लोक मानतात. कीर्तनकार बुवांशी ओळख असेल तर त्यांना नुसता विषय सांगा. उदाहरण ते तुमच्याहून चांगलं शोधतील.

शाळेसाठी मला सर्वांत आवडणारं साधन मात्र चवथीची माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर रानफळं-फुलं बांधतात ती चौकट, आहे. मुलांना घरोघरी पाठवा: माट्टी, कवंडळ, कांगल्या, घागऱ्या, नागूलकुडा, आट्टक, यांतलं काय कुठून आणलं, कधी पिकलं, आजीच्या वेळी कुठे मिळायचं. बहुतेक घरांत उत्तर येतं की पूर्वी मागच्या डोंगरावर मिळायचं, आता बाजारातून आणतो. पहिल्या वर्षी यातून हवामानाबद्दल काहीही सिद्ध होत नाही, आणि तसं भासवू नका. डोंगर कापले गेले, वाट बंद झाली, आणणारा माणूस राहिला नाही, ही कारणं आधी येतात. पण दरवर्षी तीच नोंद ठेवली तर काही वर्षांत गावाकडे स्वतःच्या ऋतूंची वही तयार होते. जैवविविधता कायदा २००२ खाली पंचायतीची जैवविविधता समिती असते आणि तिने लोकांची नोंदवही ठेवायची असते. मुलांचं काम तिथे अधिकृतपणे जोडता येतं.

विज्ञान परकं आहे, गोऱ्यांनी सांगितलेलं आहे, असा सूर लागला तर त्याचं उत्तर घरातच आहे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून आपली. दोनापावलाला तिचं मुख्यालय आहे. अंटार्क्टिकाची पहिली भारतीय मोहीम डॉ. सय्यद जहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहूनच निघाली. आज वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्रात बर्फाचे गाभे ठेवून त्यांतून जुन्या हवामानाचा अभ्यास चालतो. मुलांना आलेखापेक्षा हे जास्त पटतं.

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या खोट्या संदेशांबद्दल एवढंच: सभेत तो संदेश वाचून दाखवून मग खोडू नका. खरी गोष्ट आधी आणि शेवटी सांगा, खोटी मध्ये एकदाच. आणि दिवे बंद करा, पिशवी वापरा यावर भाषण संपवू नका. त्या सवयी चांगल्याच आहेत, पण 'तुमचा कार्बन फूटप्रिंट किती' हा प्रश्न घराघरात नेला तो बीपी या तेल कंपनीच्या जाहिरातींनी. बस नाही म्हणून स्कूटर चालवणाऱ्या बाईला दोष देऊन घरी पाठवलं तर ती पुढच्या वेळी येणार नाही. बस का नाही हा प्रश्न तिच्यासह विचारा.

तुमचा अर्धा तास मी असा वाटेन. पहिली दहा मिनिटं गावातल्या दोघांना: एक ते आजोबा, एक बागायत करणारी किंवा पाणी भरणारी बाई. पुढची दहा तुमची, त्यात एकच आलेख, तोही पावसाचा. शेवटची दहा एका कामासाठी, आणि ते काम आधीच ठरवून या. एखादी झर, एखादा बुजलेला व्हाळ, पूर आल्यावर म्हाताऱ्यांना कुठल्या इमारतीत हलवायचं याची यादी, यांतलं एक. त्याचा सर्व्हे नंबर शोधून ठेवा, सरपंचांशी आधी बोला, ग्रामसभेत मांडायचा ठराव चार ओळींत लिहून न्या आणि मांडणारा व अनुमोदक त्याच सभेत ठरवा. मांडणारा शक्यतो तुम्ही नसावं. खाणीवर ज्याचं पोट होतं असा कोणी तयार झाला तर उत्तम.

वर्धापनदिन कधी आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. एप्रिल-मेमध्ये असेल तर व्हाळाचं काम घ्या, कारण जूनच्या आधी ते दिसायला हवं. पावसाळा सरल्यावर असेल तर झर घ्या आणि मुलांकडून दर आठवड्याला तिची धार मोजून घ्या: ठरावीक आकाराची बादली आणि घड्याळ पुरे. मे अखेरपर्यंतचे आकडे वाचनालयाच्या फळ्यावर लावले की पुढच्या सभेला बोलावणं धाडावं लागणार नाही.